फेर्नलिख्ट : पहिला बरा की दुसरा?

कुणी न विचारता मत द्यावं, सगळेच देतात; पण ते अकरा पानी देऊ नये. एवढा एक धडा मी गेल्या हिवाळ्यात शिकलो आणि तो शिकायला मला एकतीस माणसांसमोर उभं राहावं लागलं.

प्रकरण 'फेर्नलिख्ट' नावाच्या गेमचं. फेर्नलिख्ट म्हणजे दूरवर पोचणारा उजेड. आमच्या जर्मन भाषेत मोटारीच्या मोठ्या दिव्यालाही हाच शब्द आहे, आणि गेम काढणाऱ्या शहाण्यांना हे बारशाच्या वेळी कुणी कसं सांगितलं नाही, देव जाणे. माझी बायको आल्मूट पहिली दोन वर्षं जिन्यात भेटेल त्याला सांगत होती, "आमचा डेटलेव दर गुरुवारी समोरच्या त्यादेनरावांबरोबर मोटारीचे दिवे बघत बसतो." त्यावर खालच्या मजल्यावरच्या उबेनबाई म्हणाल्या होत्या, "बरंय की! दारू तरी पीत नाही."

तर गेम असा. अंतराळात ठिकठिकाणी दीपस्तंभ आहेत आणि ते सगळे विझलेत. कप्तान राविक आणि जहाजावरची डॉक्टर सेल्मा एका जुनाट जहाजातून एकेका दीपस्तंभाशी जातात आणि तो पेटवतात. कप्तान म्हणजे आपणच. कुणाशी काय बोलायचं, कुणाला जहाजावर घ्यायचं, कुणाला वाटेला लावायचं, सगळं आपण ठरवायचं. हाणामारी बेताची, बोलणं भरपूर, आणि ते सगळं पडद्यावर मुंगीच्या अक्षरांत लिहून येतं. मला सगळ्यात आवडायचं ते हे, की कुठल्याही ग्रहावर उतरायला परवाना लागतो. तीन प्रतींत. मी पस्तीस वर्षं इथल्या सखल जमिनीतलं पाणी समुद्रात लोटणाऱ्या कचेरीत काढली, त्यामुळे परग्रहावरचा कारकून "दुसऱ्या प्रतीवर शिक्का नाही" म्हणाला की मला घरी आल्यासारखं वाटतं.

त्यादेनराव म्हणजे एनो त्यादेन, आमच्या समोरच्या दारातले. निवृत्त औषधविक्रेते, वय अडुसष्ट, माझ्याहून सात वर्षांनी मोठे. चौदा वर्षं, दर गुरुवारी चार वाजता ते आमच्याकडे यायचे. कपात खडीसाखरेचा खडा, वर कडकडीत चहा, कडेने हळूच सोडलेली साय. ढवळायचं नाही. तीन कप व्हायचे, मग ते चमचा कपात ठेवायचे, म्हणजे पुरे झालं, आणि गेम आल्यापासूनची अकरा वर्षं आम्ही तोच पुन्हा पुन्हा खेळायला बसायचो. कप्तानाचं मी बोलायचो, डॉक्टरीणबाईंचं ते. चाळीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं लावलेला माणूस, पडद्यावरची मुंगी त्यांना घोड्याएवढी दिसायची.

आणि चौदा वर्षं आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणत होतो. आमच्याकडे 'तुम्ही'चं 'तू' आपोआप होत नाही. ते रीतसर मांडावं लागतं: "आपण आता अरे-तुरेवर यायचं का?" मग हात मिळवायचा आणि आपलं पहिलं नाव सांगायचं, जणू इतकी वर्षं दारावरची पाटी वाचताच आली नव्हती. हे मोठ्याने मांडायचं, लहानाने वाट पाहायची. मी पाहत होतो. गेममधला कप्तान आणि डॉक्टरही तसेच. साठ तासांचा गेम, त्यात एकदा जहाजाला आग लागते, सेल्मा बेशुद्ध कप्तानाला खांद्यावर टाकून बाहेर काढते आणि म्हणते, "तुम्ही फार जड आहात, कप्तान." याला म्हणतात संस्कार.

अकरा वर्षांनी, गेल्या नोव्हेंबरात, दुसरा भाग आला. मी तो आणला, त्यादेनराव आले, चहा झाला. म्हणजे एक कप झाला. घाई इतकी की दुसरा ओतायच्या आधीच मी गेम लावला. जहाज नवीकोरं. परवाना नाही, बटण दाबलं की उतरलं. आणि आता सगळे बोलतात, खऱ्याखुऱ्या आवाजात. दार उघडून सेल्मा आत आली आणि कप्तानाला म्हणाली, "ए राविक, ऊठ ना, झोपलायस काय!"

माझ्या घशात साय अडकली.

"कुणी विचारलं?" मी म्हणालो. "कधी विचारलं? मोठं कोण दोघांत? ही बाई सरळ अरे-तुरे करते!"

"मधे अकरा वर्षं गेलीत हो," त्यादेनराव म्हणाले. "केव्हातरी विचारलं असेल."

"मग ते दाखवायला नको?"

"मला तर आवडला हा भाग. पहिल्यापेक्षा बरा."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण पस्तीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला गप्प बसायची सवय नसते. तिथे गप्प बसणाऱ्याच्या टेबलावर दुसऱ्याच्या फायली येतात. मी म्हणालो, "तुम्हाला वाचायचा कंटाळा यायला लागला, म्हणून बरा वाटतो. बसल्या बसल्या कुणीतरी कानात ओतावं! ठीक आहे, ज्याची त्याची आवड."

त्यादेनरावांनी चमचा उचलला आणि कपात ठेवला. पहिल्या कपानंतर. आमच्या भागात पाहुणा तीन कपांआधी उठला तर यजमान आठवडाभर आजारी पडतो. ते "येतो" म्हणाले आणि समोरचं दार बंद झालं. पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. जिन्यात भेटले की नमस्कारादाखल "मोइन" म्हणायचे, पण आमच्याकडे मोइन तर पोस्टमनलाही म्हणतात.

"जा आणि माफी माग," आल्मूट म्हणाली.

"माफी? मुद्द्याचा प्रश्न आहे! मी सिद्ध करून दाखवतो पहिला भाग बरा ते."

"डेटलेव, अरे, त्यांना गेम नकोय, बोलावणं हवंय."

बायकांना तात्त्विक प्रश्न समजत नाहीत असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. निदान आल्मूटसमोर तरी नाही. पण मी कागद घेऊन बसलोच. डाव्या बाजूला पहिला भाग, उजव्या बाजूला दुसरा. पिशवी : पहिल्यात चाळीस वस्तू मावतात, त्यापुढे डॉक्टर वजनावरून बोलते, दुसऱ्यात सोळा तोफा ठेवा, कुणी हूं म्हणत नाही. दार : पहिल्यात किल्ली शोधायला दोन ग्रह पालथे घालावे लागतात; दुसऱ्यात दार माणूस बघून आपणहून उघडतं, सुपरमार्केटातल्यासारखं. 'तू आणि तुम्ही' या एकाच मुद्द्याला साडेचार पानं गेली. वाक्यं टोकदार होती. वाचताना त्यादेनरावांचा चेहरा कसा होईल ते मी मनात पाहत होतो, आणि खरं सांगायचं तर तो चेहरा समोर असावा एवढ्यासाठीच लिहीत होतो.

मग सल्ले सुरू झाले. उबेनबाईंना जिन्यातच सगळं समजलं होतं. त्या म्हणाल्या, "मुळात 'तू' कुणी म्हणायचं हेच ठरलेलं नाही तुमच्यात. वयाने ते मोठे. पण या घरात आधी तुम्ही आलात, ते नऊ वर्षांनी. मग मान कुणाचा?" हा मुद्दा मला चौदा वर्षांत सुचला नव्हता. म्हणजे मी त्यांची वाट पाहतोय आणि ते कदाचित माझी! मी त्या विचाराने बेचैन झालो, तोवर उबेनबाईंनी दुसरा सल्ला दिला. "ते कागद लोकविद्यालयात द्या. मी तिथे मातीकाम शिकते. तिथे कुणीही व्याख्यान देऊ शकतं, गेल्या साली एकाने बटाट्यावर दिलं."

आमच्या नॉर्डरफेनमध्ये हे प्रौढांचं लोकविद्यालय जुन्या शाळेच्या इमारतीत भरतं. तिथल्या कचेरीतल्या घेर्डेसबाईंनी मला अर्ज दिला. तीन प्रतींत. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

"व्याख्यानाचं उद्दिष्ट?" घेर्डेसबाईंनी विचारलं.

"श्रोत्यांना पहिल्या भागाचं श्रेष्ठत्व पटावं."

"असं चालत नाही. 'श्रोते सक्षम होतील' असं लिहा. सगळे तेच लिहितात. विभाग कुठला?"

विभाग होते भाषा, आरोग्य, स्वयंपाक, हस्तकला, वाहने व रस्तासुरक्षा. गेमचा विभाग नव्हता. मी म्हणालो, तुम्हीच काय ते टाका. शीर्षकाच्या रकान्यात पंचवीस चौकोन होते आणि माझं शीर्षक दोन ओळींचं. अंतराळ गेलं, भूमिका गेली, दीपस्तंभ गेले. शेवटी चौकोनांत जे मावलं ते असं : 'फेर्नलिख्ट १ व २ : तुलना'. घेर्डेसबाईंनी ते वाचलं, समाधानाने मान हलवली आणि एका रकान्यात खूण केली. कुठल्या ते मी पाहिलं नाही. पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आलो होतो की सही करण्याआधी सगळे रकाने वाचा.

किमान आठ नावं आली तर व्याख्यान होणार होतं. आठवड्यात एकतीस आली. बटाट्याला अकरा आली होती. मी आल्मूटला म्हणालो, "बघ, या गावात विचार करणारी माणसं आहेत." ती म्हणाली, "मला जरा शंका येतेय." मी नवा गळपट्टा घेतला. त्यादेनरावांच्या पत्रपेटीत कार्यक्रमपत्रिका टाकली आणि 'डेटलेव ओल्टमान' या माझ्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारली, अगदी फिकट, चुकून लागली असावी अशी.

शनिवारी सकाळी अकरा वाजता मी वर्गात शिरलो. सत्तरीच्या पुढचे स्त्री-पुरुष, कोट अंगावरच. पहिल्या रांगेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मांडीवर मोटारीचा काढून आणलेला दिवा होता. मला वाटलं, दुरुस्तीला नेत असेल. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, त्यादेनराव बसले होते. त्यांना पाहून माझा आवाज मला हवा होता त्याहून अर्धा सूर वर लागला.

"मित्रहो," मी सुरुवात केली, "पहिल्या भागात उजेड मंद आहे. पण तो वाट दाखवतो. दुसऱ्या भागात झगमगाट आहे, डोळे दिपतात, आणि समोरचं माणूस दिसतच नाही."

"अगदी बरोबर!" एक बाई म्हणाल्या.

"पूर्वी प्रत्येक गोष्टीला हात लावावा लागे. आता सगळं आपोआप!"

"आणि आपोआप चालू होतं तेव्हा बंद होत नाही," मागून कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. आयुष्यात मला व्याख्यानाला टाळ्या मिळाल्या नव्हत्या. कचेरीच्या निरोप समारंभातही लोक केकच्या घाईत होते. मी रंगात आलो. नव्या भागाने माणसाची कशी वाट लावली, जुन्यात एकमेकांचा आदर कसा होता. वर्ग डोलत होता. असा एकमताचा श्रोता मिळायला पुण्य लागतं.

"आणि सगळ्यात भयंकर म्हणजे," मी टेबलावर मूठ आपटली, "दुसऱ्या भागात डॉक्टर सरळ कप्तानाला 'ए राविक' म्हणते!"

डोलणाऱ्या माना थांबल्या.

"कोण डॉक्टर?" शेतकऱ्याने विचारलं.

"जहाजावरची."

"जहाजाला मोठा दिवा लावायचाय का तुम्हाला?"

"अहो, जहाज अंतराळात आहे!"

शेतकऱ्याने मांडीवरचा दिवा छातीशी धरला. एक बाई पर्समधून पत्रिका काढून वाचू लागल्या, मोठ्याने : "वाहने व रस्तासुरक्षा. फेर्नलिख्ट, एक व दोन, तुलना. श्रोते सक्षम होतील." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही दिव्यांचे नाही?"

"मी... पाण्याच्या निचऱ्याचा," मी म्हणालो. त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. कुणीतरी हसलं. दोघंजण कोटाची बटणं लावू लागले. हातातले कागद मी एकसारखे करत राहिलो, जणू कडा जुळल्या की सगळं जुळेल. त्यादेनरावांसमोर हे व्हावं याची लाज मला सगळ्यात जास्त वाटत होती.

तेवढ्यात तेच उभे राहिले.

"मला दिव्यांबद्दल विचारायचंय," त्यादेनराव शांतपणे म्हणाले, औषधाची मात्रा सांगायचे तसे. "समोरून मोठा दिवा लावून गाडी आली की मला काही दिसत नाही. आता गाडी नसतानाही दिसत नाही. हे दिव्यामुळे होतं का?"

बटणं लावणारे थांबले. आता प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता.

"मोतीबिंदू असेल," पत्रिकावाल्या बाई म्हणाल्या. "माझाही काढला. अर्ध्या तासाचं काम आहे हो, घाबरू नका."

"मोतीबिंदू नाही. दाखवलं मी. नजरेच्या मधोमध डाग पडलाय, दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसतं, मधलं जातं. उन्हाळ्यापासून गाडी चालवत नाही. वाचताही येत नाही." मग माझ्याकडे तोंड करून, पण माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "दुसऱ्या भागात ते बोलतात, ओल्टमानराव."

एवढं बोलून ते खाली बसले.

पुढचा पाऊण तास त्या वर्गात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. शेतकऱ्याने आपला दिवा टेबलावर ठेवून काच कशी घासायची ते दाखवलं, बाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरांचे पत्ते वाटले, सगळे सक्षम झाले. घेर्डेसबाईंकडे नंतर अभिप्रायाचे कागद आले, त्यात बहुतेकांनी 'फार उपयुक्त, पुन्हा ठेवावे' असं लिहिलं होतं. मी मात्र खिडकीपाशी उभा होतो. 'वाचायचा कंटाळा आला.' हे मी त्यांना म्हणालो होतो, माझ्याच घरी, माझाच चहा पीत असताना. आणि वर त्यांच्या पेटीत पत्रिका टाकून तिच्यावर फिकट पेन्सिलीची रेघ मारली होती. ती त्यांना दिसलीसुद्धा नसणार. पत्रिका कुणाकडून तरी वाचून घेतली असणार.

घरी येऊन मी ती अकरा पानं फाडली. आल्मूटने काही विचारलं नाही. गळपट्टा मात्र तिने खोक्यात घालून दुकानात परत केला.

गुरुवारी पावणेचारला मी गेमचं यंत्र काढलं, वायरी गळ्यात घातल्या आणि समोरचं दार ठोठावलं. मधे जिन्यात उबेनबाई होत्या, त्या वाट देत म्हणाल्या, "दिवे घेऊन निघालात वाटतं?" मी मान डोलावली. हात मोकळा नव्हता.

दार उघडलं. त्यादेनरावांनी चेहरा जरासा वळवला, कडेच्या नजरेने मला पाहायला. "दुसरा भाग आणलात?"

"पहिला," मी म्हणालो. "अगदी सुरुवातीपासून. मी वाचतो."

"आठ लाख शब्द आहेत त्यात."

"मला कुठे कचेरीत जायचंय!"

मी माफी मागायची ठरवून आलो होतो, वाक्यही तयार होतं. पण त्यांनी तोवर चहाचं पाणी ठेवलं होतं, आणि सायीचा चमचा मला सापडेना म्हणून तेच अंदाजाने फडताळात हात घालून काढत होते. मी फक्त म्हणालो, "त्या दिवशी मी गाढवासारखा बोललो." ते म्हणाले, "हो." मग खडीसाखरेवर चहा ओतला, आणि खडा तडकण्याचा आवाज आम्ही दोघं ऐकत राहिलो.

तीन कप झाले आणि मी वाचायला लागलो. सगळ्यांचं मीच वाचत होतो : कप्तानाचं, परवान्याच्या कारकुनाचं (हा मला छान जमतो), आणि सेल्माचंही, बारीक आवाजात. त्यादेनराव मान मागे टाकून डोळे मिटून ऐकत होते आणि कुठे डावीकडे जायचं, कुठे नाही म्हणायचं, ते सांगत होते. चार-पाच गुरुवार असेच गेले. मग आगीचं प्रकरण आलं. आग विझलीय, कप्तान शुद्धीवर आलाय, त्याला पहाऱ्यावर उभं राहायचंय आणि डॉक्टर त्याला राहू देत नाही. मी त्यादेनरावांकडे पाहत वाचलं, "बस झालं, कप्तान. तू पड जरा. दिवा मी बघते."

त्यादेनरावांनी डोळे उघडले. "तिथे 'तुम्ही' आहे."

"दिसलं तुम्हाला?" मी जवळजवळ उठलोच.

"छे. पाठ आहे मला ते." त्यांनी पडद्याच्या उजेडाकडे तोंड वळवलं. मग खुर्चीच्या हातावरून त्यांनी हात पुढे केला, नेमका माझ्या बाजूला नाही, जरा डावीकडे. मी तो तिथे जाऊन धरला. "एनो," ते म्हणाले. "राहू दे तसंच. वाच तू पुढे, डेटलेव."

मी पडद्याकडे वळलो, पण पुढची ओळ मला काही केल्या लागेना. त्या पहिल्या भागातली अक्षरं खरोखरच फार बारीक आहेत.